सासूबाईंच्या नख्या

माझं लग्न ठरलं तेव्हा मी आईला सांगितलं, की सासूबाई नख्या वळवतात. आई म्हणाली, "सगळ्याच सासवांना नख्या असतात गं. तुझी निदान आधी सांगते तरी." मला हसू आवरेना, पण मी खरंच त्यांच्या कामाबद्दल बोलत होते. अंगठीतला हिरा काही हवेत तरंगत नाही. सोन्याचे चार-सहा बारीक काटे त्याला कडेने धरून ठेवतात. सासूबाईंच्या कारखान्यात त्यांना नख्या म्हणतात. त्या खड्यावर अशा वळवायच्या, की खडा जन्मभर हलता कामा नये आणि बघणाऱ्याला नख्या दिसताही कामा नयेत. माझा नवरा रांगत होता तेव्हापासून सासूबाई हे काम करतायत. तिथे त्यांना सगळे चिमटाबाई म्हणतात, कारण चिमटा हातात नसला तर अंबाड्यात खोचलेला असतो.

या बाईंबरोबर राहायचं म्हणजे घरात काही डुगडुगलेलं चालत नाही. खुर्चीचा पाय, भांड्याचा कान, माझ्या चष्म्याची दांडी, जे काही सैल असेल ते सकाळचा चहा होईपर्यंत घट्ट झालेलं असतं. एकदा जेवायला आलेल्या पाहुण्याच्या कोटाचं बटण लोंबत होतं. सासूबाईंनी गप्पा मारता मारता सुई-दोरा आणला आणि कोट अंगावर असतानाच बटण टाचून दिलं. पाहुणा बिचारा श्वास रोखून बसून राहिला. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवरून ओरडणं हाच माझा धंदा, आणि तो घरी आल्यावर लगेच बंद होत नाही. सासूबाई म्हणतात, "हिचा आवाज तेवढा सैल आहे, त्याला काही करता येत नाही." एकूण आमचं दोघींचं बरं चाललं होतं.

माझा नवरा विमा कंपनीत आहे. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी आपटली, की तिथे जाऊन लोक सांगतात तसंच घडलं का हे तपासायचं. माणूस स्वभावाने गरीब, मुंगीलाही वाट देईल. पण प्रश्न विचारायला लागला की समोरचा खोटं बोलतोय हे आधीच धरून चालल्यासारखा विचारतो. "बरं, परत एकदा पहिल्यापासून सांग," हे त्याचं लाडकं वाक्य. दूध का नासलं हेसुद्धा तो मला पहिल्यापासून सांगायला लावतो.

सासूबाईंचा कारखाना म्हणजे चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची एक लांबट खोली, आणि तिच्या टोकाला तिजोरीची छोटी खोली. अरुंद जिना, वर जाताना खालच्या डिंकाचा वास. कामाच्या टेबलांना पोटाच्या जागी अर्धगोल कापलेला, आणि त्याखाली चामड्याची झोळी बांधलेली, म्हणजे सोन्याचा कण खाली पडला तरी झोळीत पडेल. एकच मोठी खिडकी, तीही ऊन न येणाऱ्या बाजूला, कारण उन्हात रंग खोटे दिसतात. आणि रंगावरच तर तो कारखाना चालतो. तिथे पांढरा हिरा आणत नाहीत. गुलाबी, मधासारखा, चहासारखा, क्वचित कधी निळसर, असे निसर्गातच रंग घेऊन आलेले हिरे तिथे येतात. वर्षात मोजकेच येतात, आणि ते विकत घ्यायला येणारी माणसंही तशीच असतात. नुसतं मिरवायला कुणी येत नाही. प्रत्येकाच्या मनात काहीतरी असतं, म्हणून ती तो जिना चढतात.

मालकीण सासूबाईंपेक्षा खूप लहान. वडील अचानक गेले आणि कारखाना तिच्या गळ्यात पडला. तेव्हाची गोष्ट सासूबाई फार सांगत नाहीत, मालकीणच सांगते. सासूबाई काम मागायला आल्या होत्या. मालकिणीने परीक्षा म्हणून एक गुलाबी खडा पुढे ठेवला. सासूबाईंनी तो हातात न घेताच विचारलं, "हा कुणी काढला?"

"व्यापाऱ्याकडून आलाय," मालकीण म्हणाली.

"व्यापाऱ्याच्या पोटातून तर नाही ना आला? जमिनीतून कुणी काढला?"

मालकिणीला सांगता येईना. सासूबाईंनी हत्यारांची पिशवी उचलली आणि जिन्याकडे निघाल्या. त्यांचा भाऊ हिऱ्यांच्या खड्ड्यात गेला होता. नीट खाणही नव्हती ती. कुणी मुकादम माणसं आत उतरवायचा, कडेला आधाराचं एक लाकूडही लावायचा नाही. दरड आली, भाऊ आत राहिला, आणि त्या आठवड्यात निघालेले खडे मात्र बाजारात गेले. ते कुणाच्या तरी बोटात असतील. म्हणून कुणी काढला हे कळल्याशिवाय खड्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. घरात पैशाची ओढाताण असतानाही ठरवलं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मालकिणीने त्यांना जिन्यावरून परत बोलावलं आणि स्वतः चौकशीला निघाली. ती चौकशी अजून संपलेली नाही. आता ती दर वर्षी स्वतः लांब एका नदीवर जाते. तिथे काही बायका एकत्र येऊन गाळ चाळतात. खड्डे खणत नाहीत, नदीने आणून टाकलेली वाळूच तेवढी चाळतात, आणि जे निघेल त्याचा भाव आपसात बसून ठरवतात. मालकीण त्यांच्याकडून घेते. खडा घासणाराही ठरलेला आहे. अंगठी गिऱ्हाइकाच्या हातात देताना ती समोर बसून खड्याची सगळी वाट तोंडी सांगते: अमक्या बाईच्या चाळणीत सापडला, अमक्याने घासला, आणि या आमच्या चिमटाबाईंनी बसवला. ते ऐकताना सासूबाई मान खाली घालून उगाच हत्यारं पुसत बसतात. त्या लाजतात हे मी पाहिलंय, त्यांनी कितीही नाही म्हटलं तरी.

त्या नदीवरून गेल्या वर्षी हिरवा खडा आला. हिरवा हिरा फार दुर्मीळ. मालकिणीच्या वडिलांच्याही हातून कधी गेला नव्हता. पोपटासारखा हिरवा नव्हे, जुन्या जाड बाटलीच्या काचेसारखा, थोडी पिवळट झाक असलेला. तांदळाच्या दाण्याहून फार मोठा नसेल. मालकिणीने तो काचेच्या डबीत घालून खिडकीत ठेवला होता, जाता येता सगळे बघायचे.

तो निवडला एका थोरल्या बहिणीने. तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि धाकटीने आपलं एक काढून दिलं होतं. धाकटीने कधी त्याचा उच्चारसुद्धा केला नाही, उलट विषय निघाला की उठून जायची. थोरलीला तिच्या बोटात काहीतरी घालायचं होतं, नकार देता येणार नाही असं. रंगाबद्दल तिचं एकच म्हणणं होतं, पिवळा नको. आजारपणात आरशात स्वतःचा पिवळा चेहरा बघून तिला त्या रंगाची शिसारी आली होती. घरातले पिवळे पडदेसुद्धा तिने काढून टाकले होते. हिरवा खडा तिने हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. सासूबाईंनी तो बसवला. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "आज जमलं." एवढं बोलल्या म्हणजे फारच झालं.

अंगठी तयार झाली त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला. छत गळायला लागलं. अंगठी डबीत, डबी तिजोरीत, आणि कारखाना आठवडाभर बंद. तिजोरीच्या किल्ल्या दोन, एक मालकिणीकडे, एक सासूबाईंकडे.

कारखाना उघडला त्या सकाळी थोरली आली. मालकिणीने डबी काढून तिच्यापुढे उघडली. आत पिवळा खडा होता.

थोडा पिवळसर नव्हे, पिवळा. थोरलीने हात मागे घेतला. "मी हा घेतला नव्हता," ती म्हणाली. मालकिणीने डबी झटकन मिटली, काहीतरी घोटाळा झालाय, बघून कळवते, असं सांगून तिला कसंबसं वाटेला लावलं, आणि डबी परत तिजोरीत ठेवली. मग सासूबाईंना आत बोलावलं. दार लावलं. इतकी वर्षं ती त्यांना मावशी, अगं मावशी, अशी हाक मारायची. त्या दिवशी म्हणाली, "तुम्ही जरा बसा. हा खडा तुमच्याकडे असताना कुठे कुठे होता, ते मला सांगा."

सासूबाईंनी सांगितलं. खिडकीतून टेबलावर, टेबलावरून अंगठीत, अंगठीतून डबीत. मालकिणीने तिजोरीतून डबी काढली आणि उघडून पुढे केली. सासूबाईंनी डोळ्याला भिंग लावून पाहिलं. खडा अगदी स्वच्छ होता, ओळखीची खूण म्हणून आत एक रेघ नाही की ठिपका नाही. पण त्यांनी खड्याकडे नाही, नख्यांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या हाताची नखी वेगळी असते म्हणे, अक्षरासारखी. दुसऱ्या कुणी खडा काढून नवा बसवला असता तर नखी परत वळवावी लागली असती, आणि ते त्यांना दिसलं असतं.

"नख्या माझ्याच आहेत," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

झालं. मालकिणीने डबी मिटली आणि तिजोरीत ठेवली.

हे सगळं मला त्या संध्याकाळी घरी कळलं. मी ओट्यापाशी उभी होते, हातातलं भांडं ठेवायचं विसरले. "पण आई, तुम्ही असं कशाला बोललात? दुसरं कुणी करूच शकत नाही असं तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगून बसलात."

"नख्या माझ्याच होत्या, मग काय सांगू?"

"नीट दिसत नाही म्हणायचं."

"मला नीट दिसतं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं.

त्यांच्या धंद्यात चोरी सिद्ध व्हावी लागत नाही. चार कारागीर जिन्यावर भेटतात, एकजण विचारतो, चिमटाबाईंचं काय ते खरं का, तेवढं पुरतं. मग कुणी त्या बाईसमोर खडा ठेवून पाठ वळवत नाही. मालकिणीने तोंड उघडलं नव्हतं, पोलिसांत गेली नव्हती, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पण मालकिणीला त्या थोरलीला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, आणि तिची सगळी पत त्या वाट सांगण्यावर उभी होती. ते उत्तर सासूबाईंच्या टेबलापाशी येऊन अडत होतं.

रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं बसलो. नवऱ्याने ऐकून घेतलं. पाणी प्यायला. आणि म्हणाला, "आई, परत एकदा पहिल्यापासून सांग."

सासूबाईंनी परत सांगितलं. खिडकी, टेबल, अंगठी, डबी.

"मधे कधी खडा टेबलावर ठेवून उठलीस का?"

"नाही."

"तुझ्याकडे त्याच मापाचा पिवळा खडा होता का?"

"नाही."

मग आवाज मऊ करून म्हणाला, "आई, इथे आपणच आहोत. काही झालं असेल तर मला सांग. आपण निस्तरू. खरं सांग."

मी टेबलावर हात आपटला. तुझी आई म्हणजे काय जळालेलं गोदाम आहे का, असं मी त्याला विचारलं, आणि बरंच काही विचारलं, ते लिहिण्यासारखं नाही. तो म्हणत राहिला, अगं मी तिच्याच बाजूने विचारतोय. सासूबाईंनी आपलं ताट उचललं, सावकाश धुतलं, जागेवर ठेवलं आणि खोलीत गेल्या.

त्या आठवड्यात त्या रोज वेळेवर कामाला जात होत्या. मालकीण त्यांच्यापुढे साध्या दुरुस्त्या ठेवायची, खड्याचं काम नाही. एक दिवस मला म्हणाल्या, "मला वाटायला लागलंय, मीच काहीतरी केलं असेल. वय झालं. डोक्यातून गेलं असेल." मी म्हटलं, हिरवा खडा गिळला असेल तर तेवढं आठवेल ना तुम्हाला. त्यांना हसू आलं नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या खणाची मूठ सैल झाली होती, चांगले तीन-चार दिवस लटपटत होती. त्यांच्या हातात ती रोज यायची आणि त्या तशीच सोडून द्यायच्या. ते पाहून मी घाबरले. आई-वडील म्हातारे होतात हे माहीत असतं, पण दुसऱ्याच्या संशयाने ती वेळेआधी म्हातारी होताना बघवत नाही.

शनिवारी त्या म्हणाल्या, "मला गाडीने सोड. हत्यारं जड आहेत." मी विचारलं, हत्यारं कशाला? "आणायची आहेत. किल्ली देऊन येते." म्हणजे काम सोडायचं. आणि सोडलं की सगळ्यांनी काय ते समजायचं. मी सोडायला गेले, पण खाली गाडीत बसून राहणं माझ्या रक्तात नाही. मी त्यांच्या मागोमाग जिना चढले.

सासूबाईंनी किल्ली मालकिणीच्या पुढे ठेवली. मालकीण किल्लीकडे बघत राहिली. तिचे डोळे सुजलेले होते, पण मला त्या वेळी कुणाची कीव करायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "ती अंगठी काढा. मला बघायचीय. एवढा आठवडाभर आमच्या घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही ते कशापायी, बघू तरी."

तिने तिजोरी उघडली. मी डबी घेतली, उघडली, अंगठी काढली आणि खिडकीखालच्या टेबलावर ठेवली, जरा आपटलीच. पिवळा खडा. माझ्या मते दिसायला वाईटही नव्हता. मग मी सुरू झाले.

मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. बाईंनी तुम्हाला पहिला प्रश्न विचारायला शिकवलं, हे बोलले. भावाचं बोलले. त्यांना चोरायचंच असतं तर नख्या माझ्या आहेत असं कोण सांगतं, हे दोन-तीनदा बोलले. मग मालकीणही उसळली. "मला तरी कुठे झोप लागतेय? मला तिच्यावर संशय घ्यायचाय का? मी नदीवरच्या बाईला विचारते, घासणाऱ्याला विचारते, आणि घरच्या माणसाला विचारायचं नाही? मग मी बाकीच्यांना कुठल्या तोंडाने विचारू?" खरं म्हणजे तिचं मला पटलं होतं, म्हणून मी अजून मोठ्याने बोलले. सासूबाई आपल्या टेबलापाशी बसून एकेक हत्यार फडक्यात गुंडाळत होत्या. आमच्या दोघींकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

एवढ्यात थोरली जिना चढून आली. मालकिणीनेच तिला त्या वेळेला बोलावलं होतं. तिला खुर्ची दिली. मालकीण समोर बसली, पदर सावरावा तशी कपडे सावरून, आणि म्हणाली, "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. तुम्ही निवडलेला खडा आमच्याकडून गेला. कसा गेला ते मला कळलेलं नाही."

थोरली तिच्याकडे बघत नव्हती. ती खिडकीखाली बघत होती. "मग हा कुठला?" ती म्हणाली. "हाच तर माझा."

"नाही, तो पिवळा…" मालकीण टेबलाकडे वळली.

टेबलावर हिरवा खडा होता. तोच, जाड काचेचा हिरवा. मी मघाशी माझ्या हाताने पिवळा ठेवला होता, आणि मधे त्याला कुणी शिवलं नव्हतं. माझी तर बोबडीच वळली, आणि ती सहसा वळत नाही. सासूबाई उठून आल्या. अंबाड्यातला चिमटा काढला, अंगठी उचलली, भिंगातून पाहिली.

"नख्या माझ्याच आहेत," त्या म्हणाल्या.

असे खडे असतात हे मालकिणीने ऐकलं होतं, वडिलांनी कधीतरी सांगितलं होतं, पण बघितलेला एक नाही. उजेडात हिरवे राहतात, बराच काळ अंधारात ठेवले की पिवळे पडतात, आणि परत उजेड मिळाला की काही वेळात हिरवे होतात. सरड्यासारखे. तिने तिथूनच घासणाऱ्याला फोन लावला. तो सहज म्हणाला, "हो, चाकावर तापला की पिवळा व्हायचा, गार झाला की ठीक. मला वाटलं, तापल्यामुळे असेल." मालकिणीला आता आठवलं, की घासणाऱ्याकडून आलेल्या पुडीतून पहिल्यांदा काढला तेव्हाही तो पिवळट वाटला होता, आणि तिने ते संध्याकाळच्या दिव्यावर ढकललं होतं. त्यानंतर तो खिडकीतच राहिला, म्हणून सगळ्यांनी हिरवाच पाहिला. आणि संशय आल्यावर तिने काय केलं, तर जिवापाड जपून तिजोरीत ठेवला. बघायला काढायचा, पिवळा दिसला की घाबरून परत मिटायचा. तो हिरवा व्हायला बिचाऱ्याला वेळच दिला नाही कुणी. माझ्या आरडाओरड्याने पहिल्यांदा दिला, हे मी आमच्या घरात अजून अधूनमधून ऐकवते.

खात्री करायला तो परत डबीत बंद करून ठेवला, आणि दोन दिवसांनी थोरलीच्या समोरच उघडला. पिवळा. खिडकीखाली ठेवला. आम्ही सगळ्या भोवती उभ्या राहून बघत होतो, दूध उतू जायची वाट बघतात तशा. हळूहळू कडेने रंग चढत गेला.

मालकिणीने थोरलीला विचारलं, की असा रंग बदलणारा चालेल का, नको असेल तर तसं सांगा. थोरलीने तो हातात घेतला. "अंधारात कोण बघायला जातंय," ती म्हणाली. "धाकटीला सांगेन, डबीत ठेवायचीच नाही. भांडी घासतानासुद्धा बोटातच राहू दे."

मग मालकिणीने खड्याची वाट सांगितली. नदीवरच्या बाईच्या चाळणीत सापडला, तिच्या सोबतिणींनी भाव ठरवला, घासणाऱ्याने घासला, मावशींनी बसवला. एवढ्यावर ती थांबेल असं मला वाटलं होतं. पण ती पुढे म्हणाली, "आणि आठवडाभर मी मावशींवर संशय घेतला. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं. हेही तुम्हाला माहीत असायला हवं." सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते कशाला आता." मालकिणीने त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली. सासूबाईंनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पुरे. तुझ्या अश्रूंनी माझी हत्यारं गंजतील." मी माझ्यापुरतं सांगते, तिच्याबद्दलचा माझा राग त्या खोलीतच संपला.

खात्री होईपर्यंत आम्ही दोघींनी घरी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी घरी यायच्या आधीच मी नवऱ्याला फोन करून सगळं ऐकवलं होतं, जरा चवीनेच ऐकवलं. तो त्या दिवशी लवकर आला, हातात केकचा खोका. सासूबाई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून चहा पीत होत्या. त्याने खोका ठेवला, खुर्ची ओढली आणि हसत म्हणाला, "मला माहीतच होतं गं आई."

"काय माहीत होतं?"

त्याचं हसू हळूहळू मावळलं. माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघत राहिले. काही वेळा आपण मधे पडू नये एवढी अक्कल मलाही आहे.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी तुझ्या बाजूनेच विचारत होतो."

"असशील." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तिने विचारलं ते मला झोंबलं. पण तिचं काय, ती परकी. तिला मी तिथल्या तिथे माफ करून आले. तुला थोडा वेळ लागेल."

एवढा मोठा माणूस, लोकांच्या तोंडून खरं काढणारा, टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग त्याने विचारलं, "किती?"

"ते मला काय ठाऊक," सासूबाई म्हणाल्या. "पोटच्या पोरावर असं कधी रुसले नव्हते. तू आपला बस इथे."

तो बसून राहिला. चहा निवला तरी त्या दोघांपैकी कुणी उठलं नाही.